हॉलच्या सीलिंगला टेक्स्चर : नवतप्यातल्या नोंदी

१८ मे २०२४, शनिवार

पेपर तपासून झाले, कॉलेजला सुट्ट्या लागल्या, मुलं काल आजोळी अमरावतीला गेली. आता पंधरा दिवस हॉल माझा.

हॉल ११ बाय १४ फूट, वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट गच्चीचा स्लॅब. मागच्या दिवाळीआधी जिप्सम बोर्डाचं फॉल्स सीलिंग करून घेतलं होतं. सकाळी बघाल तर गुळगुळीत. पण पश्चिमेच्या खिडकीखाली शेजारच्या ठेंगण्या घराची गच्ची आहे, उन्हाळ्यापुरती चुन्यानं पांढरी केलेली. संध्याकाळी त्या चुन्यावर आपटलेलं ऊन तिरपं वर येतं, सीलिंगला घासून जातं, आणि बोर्डांचा एकेक सांधा गोधडीच्या ठिगळासारखा उठून दिसतो. शिवाय एका सांध्यात केसाएवढी तडा, तीनेक फूट लांब. ज्यांनी काम केलं त्यांना दाखवली. "नवीन कामाला असं होतेच ताई," म्हणाले. त्यानंतर फोन उचलणं बंद.

ह्यांचं म्हणणं, आणखी एक हात रंगाचा मारू. रंगानं सावली जात नाही, सपाट पृष्ठभागावर ती उलट जास्त दिसते. उंचवटे सगळीकडेच केले तर सांध्याचा उंचवटा त्यांच्यात हरवतो, म्हणून टेक्स्चर. तडा मात्र टेक्स्चरखाली लपत नाही, वर येतेच. म्हणजे आधी दुरुस्ती.

ह्यांनी एकच अट घातली : ४ जूनच्या मतमोजणीला टीव्ही, पंखा आणि दिवाण जागेवर हवा.

१९ मे, रविवार

वायरमननं पंखा उतरवला, स्पॉटलाइट काढले, वायरींच्या टोकांना टेप. दिवाणावर आणि टीव्हीच्या कपाटावर जुन्या साड्या. दोन घोड्यांवर फळी टाकून चालता येईल अशी परांची केली. एका शिडीवर चढ-उतार करत सीलिंगचं काम करणाऱ्याला माझा नमस्कार.

तडा पात्यानं व्ही आकारात उघडली. आत टेपच नाही! दोन बोर्डांच्या मधे नुसता मसाला भरून वर पुट्टी ओढलेली. बाकीचे सांधे दोन-तीन ठिकाणी खरवडून पाहिले, तिथे जाळीची टेप आहे. या एकाच सांध्याला संध्याकाळ झाली असावी.

स्क्रूही तपासले. पाच ठिकाणी डोकं बाहेर आलेलं, रंगाखाली फोडासारखं. असा स्क्रू नुसता आत फिरवून भागत नाही, कारण त्याच्या भोवतीचा जिप्सम भुगा झालेला असतो. दीड इंचावर नवा २५ मिलिमीटरचा स्क्रू मारला, मग जुना काढून भोक भरलं. डोकं कागदाच्या जरासं खाली दबायला हवं, पण कागद फाटता कामा नये. बोर्डाची बरीचशी ताकद त्या कागदात आहे. पहिल्या स्क्रूला मी कागद फाडला. दुसऱ्यापासून हात हलका झाला.

२० मे, सोमवार

सकाळी ऊन चढायच्या आत नागपूरच्या इतवारी बाजारात, लोहाओळीत. घेतलं ते असं : सांधे भरायच्या तयार मसाल्याच्या, म्हणजे जॉइंटिंग कंपाउंडच्या, २० किलोच्या दोन बादल्या, कागदी टेप, सहा इंची आणि बारा इंची पत्ती, १२० आणि १५० नंबरचा पॉलिश पेपर, अॅक्रिलिक सीलंटच्या दोन नळ्या, लांब केसांचा रोलर, प्रायमर.

दुकानदारानं दोनदा विचारलं, काम कोण करणार. मी म्हटलं, मीच.

"तुमच्यानं होईन का ताई? मान धरते वरचं काम."

मान धरते, हे खरं निघालं.

बाबांचं म्हणणं होतं की एवढं महागाचं कशाला, पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) आणा, मिस्त्री लोक तेच लावतात. बाबा म्हणजे सासरे, अंबाझरीच्या आयुध निर्माणीतून निवृत्त, हजाराव्या भागापर्यंत मोजायची सवय अजून गेलेली नाही. त्यांना समजावलं : पीओपी पाणी पिऊन दगड होतो, ती रासायनिक क्रिया आहे. जिप्सम भाजला की त्यातलं तीन चतुर्थांश पाणी उडतं, तोच पीओपी. पाणी परत मिळालं की तो पुन्हा जिप्सम होतो, पंखा लावा नाहीतर बंद करा. हातात दहा-पंधरा मिनिटं मिळतात आणि चुकलं तर छिन्नी. तयार कंपाउंड नुसतं वाळतं, त्यातलं पाणी हवेत जातं. चुकलं तर ओल्या स्पंजानं परत मऊ करता येतं. मला चुकायला जागा हवी होती.

"म्हणजे याचा सगळा खेळ हवेवर," बाबा म्हणाले.

तेव्हा मी फक्त मान हलवली होती.

२१ आणि २२ मे

टेपिंग. कंपाउंडचा पातळ थर, त्यावर कागदी टेप, सहा इंची पत्तीनं मधून बाहेर दाबत जायचं. अर्ध्या तासानं पाहते तर टेपेला पुरीसारखे तीन फुगे. खाली मसाला कमी पडला होता, घाईत पत्ती जास्त दाबली होती. फुगे कापून काढले, भरले, परत टेप. दुसरा हात आठ इंच रुंद, तिसरा बारा इंच, दर वेळी आधीचा पूर्ण वाळल्यावर. पुस्तकी हिशेब चोवीस तासांचा आहे. आपल्याकडे मे महिन्यात दुपारीच ठणठणीत वाळतो. पण एका जागी घाईनं जाड भरला, तिथे तळ्याच्या गाळासारख्या भेगा पडल्या. वरची साय वाळते, आतलं ओलंच राहतं.

पॉलिश पेपर मारताना जो पांढरा धुरळा उडतो त्याबद्दल लिहीत नाही. डाळीच्या डब्यातही सापडला.

२३ मे, गुरुवार

बुद्ध पौर्णिमा. आज काम नाही, फक्त हिशेब.

संध्याकाळी सात-साडेसातच्या सुमारास सीलिंगमधून टक-टक आवाज येतो. इतके महिने वाटत होतं उंदीर. आज खाली निवांत बसून ऐकला तेव्हा कळलं, फ्रेम निवते आहे. लोखंडी चॅनल १४ फुटांचं, म्हणजे ४.२७ मीटर. पोलादाचं प्रसरण एका अंशाला मीटरमागे ०.०१२ मिलिमीटर. तापलेल्या स्लॅबखालच्या त्या बंद पोकळीत दुपार आणि पहाट यांत १५ अंशांचा फरक धरला तरी चॅनल पाऊण मिलिमीटर वाढतं आणि आटतं, रोज. भिंत वेगळी हलते, सीलिंग वेगळं. म्हणून भिंतीच्या कडेनं कडक मसाला भरला की तो फाटणारच. तिथे फट साफ करून लवचिक सीलंट घालायचा, आणि टेक्स्चर भिंतीपासून एक इंच आधी थांबवायचं. एक इंचाची सपाट किनार. साडीला असते तशी.

रात्री न्यू जर्सीच्या जाऊबाईंचा व्हिडिओ कॉल. "अगं, इथे लोक पैसे देऊन टेक्स्चर खरवडून काढतायत आणि तू लावतेस?" तिकडच्या जुन्या घरांतलं पॉपकॉर्न सीलिंग म्हणजे फवारून केलेले ज्वारीच्या लाह्यांसारखे दाणे. त्यात पूर्वी अॅसबेस्टॉस असायचा. सजावटीसाठी तो फवारायला अमेरिकेत १९७८ मध्ये बंदी आली, त्यामुळे जुनं सीलिंग तपासल्याशिवाय खरवडायचं नसतं. आमचं तर वर्षाचंही नाही. पण त्यांनी सांगितलेली दुसरी गोष्ट डोक्यात राहिली : लाह्यांत जाळी-जळमटं अडकतात. म्हणजे आपलं टेक्स्चर चपटं हवं, झाडूनं साफ होईल असं.

२४ मे, शुक्रवार

नमुन्यांचा दिवस. खरं म्हणजे सगळं काम आजच झालं, पुढचे दिवस नुसते हात.

पद्धत ठरली : रोलरनं कंपाउंड लावायचं, ते ओलं असताना कशानं तरी थोपटून टोकं उठवायची, थोडं थांबायचं, आणि मग रुंद पत्ती हलकी फिरवून टोकांचे माथे चपटे करायचे. यालाच नॉकडाउन म्हणतात. उरतात ती मधे दऱ्या असलेली पसरट बेटं.

कंपाउंडमध्ये पाणी किती? पाच किलोला साधारण ४०० मिली घातलं तेव्हा धिरड्याच्या पिठासारखं झालं, पळीतून सलग पडणारं पण पडल्यावर क्षणभर ढीग टिकवणारं. तांदळाच्या आयत्याच्या (आमच्याकडचं पातळ धिरडं) पिठाइतकं पातळ केलं तर थेट डोळ्यांत येतं. (चष्मा होता म्हणून.)

थोपटायला काय? भांड्यांचा स्पंज : टोकं बारीक, मोहरी सांडल्यासारखी. प्लास्टिकची पिशवी गुंडाळून : आवडलं होतं, पण दर चार थापांनी पिशवी चिकटते. शेवटी बाबांनी गच्चीवरच्या खोलीतून चुन्याचा जुना कुंचा काढून आणला, गणपतीआधी घर पांढरं करायचे त्या काळातला. भिजवून, झटकून, केस चपटे पसरवून सरळ वर दाबला आणि ओढला. कंपाउंडच्या तारा निघाल्या, तुटल्या, प्रत्येक तुटल्या जागी एक वाकडं टोक. दर थापेला मनगट थोडं वळवायचं, नाहीतर कुंच्याचा एकच ठसा रांगेनं उमटतो आणि भिंतीचा कागद चिकटवल्यासारखा दिसतो.

पहिला नमुना उरलेल्या बोर्डाच्या तुकड्यावर, जमिनीवर ठेवून केला. सुंदर आला आणि कामाचा नव्हता. जमिनीवर टोकं बसतात, छताला ती लोंबतात. मग तोच तुकडा माळ्याच्या खालच्या बाजूला स्क्रूनं ठोकून डोक्यावर सराव.

आणि आता थांबण्याचं. सगळीकडे सांगतात, दहा-पंधरा मिनिटं थांबा. कुठल्या गावची मिनिटं? बाबा स्टॉपवॉच आणि वही घेऊन बसले. वहीतलं तसंच उतरवते :

टेबल फॅन चालू, खोली ३८ अंश : चमक गेली ५ मिनिटांत.
सगळं बंद, खोली ३८ : ११ मिनिटं.
कूलर चालू, खोली ३० : १९ मिनिटं. टोकं ओघळली.

नागपुरात कूलर का चालतो आणि मुंबईत का नाही, हे मी दरवर्षी अकरावीला शिकवते. आपली उन्हाळ्यातली हवा कोरडी असते, वाळ्याच्या ताट्यांमधलं पाणी ती अधाशासारखी पिते आणि त्या बाष्पीभवनात गार होते. सीलिंगला लावलेल्या कंपाउंडमधलं पाणीही तीच हवा, त्याच अधाशीपणानं पिते. कूलर लावला की तिचं पोट आधीच भरलेलं. एवढं साधं आहे हे, आणि मी बावीस वर्षं फळ्यावर लिहूनही माळ्याखाली मान वाकडी करून उभं राहीपर्यंत माझ्या हाताला ते माहीत नव्हतं.

निष्कर्ष : कूलर बंद, फॅन बंद, खिडक्या बंद, काम पहाटे. देवा.

२५ मे, शनिवार

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यांत कडक नऊ दिवस, लागला. प्रायमर मारला. बोर्डाचा जुना रंग, नवा कंपाउंड, खरवडलेला भाग, तिन्ही पाणी वेगवेगळं ओढतात. सगळ्यांना एकाच पातळीवर आणल्याशिवाय टेक्स्चर एका जागी ओलं आणि शेजारी कोरडं असं होतं. त्याआधी जुन्या रंगावर १२० नंबरचा पॉलिश पेपर.

२६ मे, रविवार

फसलं.

उजाडताच, साडेपाचला, सुरुवात. ह्यांना सुट्टी, म्हणून ते रोलरवर, मी कुंच्यावर. उत्साहात ह्यांनी खिडकीपासून दारापर्यंत अडीच फुटी पट्टा एका दमात ओढला. मी थोपटत मागे. शेवटच्या टोकाला पोचून पत्ती घेऊन परत येते तर सुरुवातीचा भाग वाळून गेलेला. पत्ती दबेना, कर्र कर्र आवाज करत टोकं उपटून काढायला लागली. मधला चार फूट उत्तम, अलीकडे काटे, पलीकडे ओला चिखल जो पत्तीबरोबर वाहून आला.

"छान दिसतंय की," हे म्हणाले.

संध्याकाळी चुन्याचं ऊन आल्यावर पाहिलं, मग काही म्हणाले नाहीत.

२७ मे

ओला स्पंज, सहा इंची पत्ती, सगळं खरवडलं. पीओपी नव्हता म्हणून तीन तासांत सुटले.

२८ मे, मंगळवार

आज पहाटे मी आणि बाबा. ठरवलं की एका वेळी तीन बाय तीन फुटांहून जास्त उघडायचंच नाही. पुढच्या चौकोनाची कड आधीच्या ओल्या कडेत मिसळली पाहिजे, नाहीतर जोड दिसतो. म्हणून कडा सरळ न ठेवता नकाशातल्या किनाऱ्यासारख्या वेड्यावाकड्या.

खोली ३१ अंश. पहिल्या चौकोनाला बाबांनी चौदा मिनिटं मोजली, पत्ती फिरवली, अगदी हवं तसं. दुसराही. तिसऱ्याच्या वेळी दूधवाला आला, दार दोन मिनिटं उघडं राहिलं, वारा शिरला. बाबा म्हणाले, "नऊच झाले, अजून पाच आहेत बेटा." पण मला वर काहीतरी वेगळं दिसत होतं. बॅटरी मागून घेतली आणि सीलिंगला जवळजवळ टेकवून आडवी धरली. ओलं कंपाउंड उजेडात काचेसारखं चकाकतं. टोकांच्या माथ्यावरची चकाकी गेली होती, दऱ्यांमधली अजून होती. हाच तो क्षण. माथा साय धरतो म्हणून पत्तीला चिकटत नाही, आत ओल असते म्हणून दबतो. ताबडतोब पत्ती घेतली, पात्याची पुढची कड किंचित उचलून, ताटातलं तूप निपटावं तितक्याच जोरानं. पास झालं.

बाबांनी स्टॉपवॉच खिशात ठेवलं. पुढचा सगळा वेळ ते फक्त बॅटरी आडवी धरून उभे. अख्खी नोकरी मोजमापात घालवलेल्या माणसाला हे सोपं गेलं नसणार. वहीत त्यांनी लिहिलंय, "चमक गेली = दाबा."

साडेआठपर्यंत निम्मं सीलिंग. दर दोन चौकोनांनंतर पत्ती ओल्या फडक्यानं साफ, कारण पत्तीवर वाळलेला एक कण पुढच्या तीन फुटांत रेघ ओढतो. नंतर तर्री-पोहे. मान वर करून खाता येत नाही आणि खाली करून गिळता येत नाही.

२९ मे

उरलेलं निम्मं. कालच्या कडेला पाणी फवारून ओलं केलं आणि मग जोडलं. पंख्याच्या भोकाभोवती कुंचा बसेना, तिथे दात घासायचा जुना ब्रश. एकूण दीड बादली, म्हणजे ३० किलोच्या आसपास, आणि त्यातलं बरंच पाणी उडून जाणार. बोर्डच चौरस मीटरला आठ-नऊ किलो असतो, त्यामुळे वजनाची काळजी नाही. किनार सपाट राहावी म्हणून कडेनं चिकटवलेली टेप कंपाउंड पूर्ण वाळायच्या आत काढली. वाळल्यावर ओढली असती तर कडेचे तुकडे घेऊन आली असती.

३१ मे, शुक्रवार

अजून दोन दिवस वाळू द्यायचं होतं, पण मतमोजणी तोंडावर. ह्यांनी सकाळी ऑफिसला जायच्या आधी "मदत" म्हणून प्रायमरचा रोलर घेतला आणि भिंतीला मारतात तसा पुढे-मागे, पुढे-मागे. कंपाउंड वाळलं तरी पाण्यानं परत मऊ होतं, हे मी खरेदीच्या दिवशी बाबांना सांगितलं होतं, ह्यांना नाही. पोळीएवढा तुकडा रोलरला चिकटून आला. प्रायमर पातळ, रोलर भरलेला, एकदाच फिरवायचा आणि सोडून द्यायचा, हा नियम. तुकड्याची जागा भरली, कुंच्यानं थोपटली. आता कुठे होती ते मलाच माहीत आहे, लिहीत नाही.

पेपरात मोठ्ठी बातमी : रामदासपेठेतल्या स्वयंचलित केंद्रावर काल ५६ अंश. बाबांनी पेपर खाली ठेवला. "छप्पन? सेन्सर पाहा म्हणा त्याचा आधी." आमच्या हॉलमधलं थर्मामीटर ३९ दाखवत होतं, ते त्यांनी उगाच बोटानं टकटक करून पाहिलं.

२ जून, रविवार

रंगाचे दोन हात, मॅट पांढरा. चमकणारा रंग घेतला असता तर प्रत्येक बेटाला तारा लागला असता. दुसरा हात पहिल्याला आडवा, म्हणजे दऱ्यांच्या दोन्ही बाजू भरतात.

हवामान खात्यानं सांगितलं, सेन्सरमध्येच बिघाड होता. बाबांनी दिवसभरात हे चार जणांना फोन करून सांगितलं.

४ जून, मंगळवार

काल संध्याकाळी वायरमन येऊन पंखा आणि लाइट बसवून गेला. आज सकाळी आठपासून दिवाणावर हे आणि बाबा, समोर टीव्ही, मागे कूलर पूर्ण वेगात. फेऱ्यांमागून फेऱ्या. माझं लक्ष वर. संध्याकाळी सहाला चुन्याचं ऊन आलं, सीलिंगला घासून गेलं, सगळी बेटं एकदम उठली, आणि सांधे शोधायला मला परांचीवर कुठे काय होतं ते आठवावं लागलं. एक सापडला, दाराजवळ, तिथे मी कुंचा सलग तीनदा एकाच कोनात दाबला आहे. मधल्या जाहिरातीत ह्यांना विचारलं, काही दिसतंय का वर. "कशात?" म्हणाले.

उरलेल्या कंपाउंडवर बोटभर पाणी सोडलं, वर प्लास्टिक, झाकण घट्ट. बादली माळ्यावर, नमुन्याच्या तुकड्याच्या बरोबर वर.

सात वाजता टक आवाज आला. खुर्चीवर चढून पाहिलं. पश्चिमेच्या कोपऱ्यात सीलंट ताणलेला वाटला, सुटलेला नाही. नखानं चाचपला. शेजारी भिंतीवर पेन्सिलनं बारीक तारीख टाकून ठेवली आहे, ४/६.